कोऱ्या दंडांचा पाडा

"थांब तिथंच! पाण्यात पाय घातलास तर तंगडं मोडीन! आधी दंड दाखव!"

ओहोळाच्या पलीकडच्या काठावर, करवंदीच्या जाळीला पाठ लावून, ठकूबाई बांबू घेऊन उभी होती. तिचा आवाज असा, की तिकडे त्र्यंबकच्या देवळातल्या घंटा आपोआप हलल्या असतील आणि पुजाऱ्यांनी आरती लवकर उरकून घेतली असेल. अलीकडच्या काठावर मी. एका हातात लसीचा थर्मास, दुसऱ्या हातात चपला, विजार गुडघ्यापर्यंत वर. माझ्यामागे आमच्या आरोग्य केंद्रात नव्यानेच आलेल्या डॉक्टर गांगुर्डे मॅडम. त्यांच्यामागे, जीप खाली सडकेला लावून आलेला, ड्रायव्हर शिंदे. तो ओझरचा. चढ लागला की 'विमानाच्या कारखान्यात चिकटलो असतो तर' हे त्याचं पालुपद सुरू व्हायचं, ते डोंगर संपेपर्यंत.

"अगं ठकूबाई, मी आहे! देवीवाला! ओळखलं नाहीस?"

"वळखलं. दंड दाखव."

आता गंमत बघा. अर्ध्या नाशिक जिल्ह्याचे दंड मी पाहिलेले. कुंभमेळ्यात गोसाव्यांच्या अंगावरची राख पुसून डाग शोधलेला माणूस मी. त्या मला ही बाई 'दंड दाखव' म्हणते! पण बांबू तिच्या हातात होता. मी बाही वर केली. माझा डावा दंड म्हणजे तव्यावर फुटलेली नाचणीची भाकरी. लोक टोचून घेईनात की मी आधी स्वतःला टोचून दाखवायचो आणि विचारायचो, "मेलो का?" गावागणिक एकदा. नंतर नंतर माझ्या दंडाला सुई बघितली की आपोआप खाज सुटायची.

ठकूबाईने लांबूनच मान हलवली. बांबू मॅडमकडे वळला. मॅडमनी बाही सरकवली. डाग नीटस, गोल. "ये," ठकूबाई म्हणाली. मग शिंदे. त्याने यात्रेत दंडावर मारुती गोंदवून घेतला होता, डोंगर उचललेला, आणि देवीचा डाग नेमका त्या डोंगराच्या पोटात गेला होता.

"हा बघ मावशे, इथंच हाय. द्रोणागिरीच्या खाली."

"मला मारुती नको. डाग दाखव."

"मारुतीवर इस्वास नाय तुझा?"

"मारुतीवर हाय. तुझ्यावर नाय. तू जा खाली."

शिंदे इतक्या आनंदाने खाली गेला, की त्याला उतरताना पाहून माकडांनी वाट दिली.

"पण झालंय काय?" मी विचारलं.

ठकूबाईने बांबू जमिनीला टेकवला. आवाजही खाली आणला.

"बाया आल्यात," ती म्हणाली.

माझ्या हातातल्या चपला ओहोळात पडल्या आणि वाहत गेल्या. आजपर्यंत सापडल्या नाहीत. गोदावरीला लागल्या असतील तर एव्हाना पार समुद्रात पोचल्या असतील.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांना माझ्या चपलांचं काही वाटणार नाही, म्हणून सांगतो. बाया म्हणजे देवी. आधी ताप, मग पुरळ, मग एकेका पुरळात पू. माणूस जगला तर चेहऱ्याची चाळण, कधी डोळेही गेलेले. आपल्या लोकांनी त्याला रोग म्हटलंच नाही, पाहुणी म्हटलं. घरात देवी आली की फोडणी बंद, मोठ्याने बोलणं बंद, दारावर कडुनिंबाचा डहाळा. पाहुणी खूश होऊन गेली तर ठीक, नाहीतर जाताना कुणालातरी बरोबर घेऊन जायची. तिला घालवणं हा माझा धंदा. आमच्या भाषेत त्याला 'देवी काढणं' म्हणत. सुई टोकाला दुभंगलेली, सापाच्या जिभेसारखी. दोन टोकांच्या मधे लसीचा थेंब अडकायचा. तो दंडावर टेकवून बोटाएवढ्या जागेत पटापट टोचे मारायचे, रक्ताचा ठिपका दिसेल इतपतच. काही दिवसांनी फोड, फोडाची खपली, खपली पडली की डाग. तो डाग म्हणजे पावती. देवी त्या घरावरून जाताना पावती बघायची आणि पुढे सरकायची.

लोकांना हे पटवणं सोपं होतं असं समजू नका. मी येताना दिसलो की पाडेच्या पाडे रानात पळायचे. पोरं कणगीत लपायची. घोटीच्या बाजूला एकदा भाताच्या कणगीवर हात ठेवला तर कणगी शिंकली. आत चार पोरं आणि त्यांचा आजोबा. आजोबाला काढायला कणगी फोडावी लागली, आणि माझ्या मनगटाला तो असा चावला, की त्याच्या उरलेल्या दोन दातांचा ठसाही मी पुष्कळ वर्षं डाग म्हणून दाखवत असे. एका अंधारलेल्या गोठ्यात घाईघाईत मी म्हशीला टोचलं. मालक भांडायला आला. मी म्हटलं, बाबा, तिला जन्मात देवी झाली तर मला सांग. झाली नाही.

या सगळ्यांत ठकूबाई ही महामाया. तिचा स्वतःचा दंड कोरा होता, पण चेहरा लिहिलेला. लहानपणी देवीतून उठलेली. पुढे तिची मुलगी, धुरपी, देवीतच गेली. एवढं होऊनही मी पहिल्यांदा पाड्यावर गेलो तेव्हा हिने मला कोयता दाखवला होता. "माझी नेली ती पुरे झाली," म्हणाली, "आता तिला अजून कशाला चिडवतो?" तिचं मन कशानं वळलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी तीन हंगाम तिच्या अंगणात बसून तिचे शिव्याशाप ऐकले, बहुतेक त्यानेच. एके दिवशी तिने पाड्यातली सगळी पोरं कान धरून माझ्यासमोर आणून बसवली. "टोच," म्हणाली. "पण रडलं तर तूच गप कर."

मग सत्तरच्या दशकात, देवीची शेवटची वर्षं चालू असताना, शेजारच्या वाडीत एक माणूस देवीने आजारी पडला. तेव्हा आमची पद्धत अशी होती, की रोगी सापडला की त्याच्या घराभोवती कडं करायचं. आजूबाजूच्या सगळ्यांना टोचायचं आणि रोग्याच्या दारात रोजंदारीवर राखणदार बसवायचा. आत जाईल तो डागवालाच. बाहेर कुणीच यायचं नाही, शेवटची खपली पडेपर्यंत. मी ठकूबाईला राखणीवर बसवलं. तिला नियम सांगितले आणि विसरलो. ती विसरली नाही. तिने त्या रोग्याला खपल्या पडल्यावरही आठवडाभर सोडलं नाही, तपासायला आलेल्या साहेबाला बाही वर करायला लावली, आणि रोग्याची सासू भेटायला आली तेव्हा तिला नाल्यापलीकडूनच ओरडून बोलायला लावलं. तो माणूस नंतर म्हणायचा, देवी परवडली, पण ठकूबाई नको. सासूच्या बाबतीत मात्र तिचे उपकार मानायचा.

आणि मग देवी गेली. खरंच गेली. इथूनच नव्हे, जगातून गेली. मोठ्या साहेबांनी सांगितलं तेव्हा मला विश्वास बसेना. इतकी हजारो वर्षांची पाहुणी, आणि निरोपसुद्धा न घेता? मग लसही बंद झाली. रोगच नाही तर टोचायचं कशाला? माझी सुई काढून घेतली आणि मला बहुउद्देशीय कर्मचारी केलं. बहुउद्देशीय म्हणजे ताप आला की रक्ताचा थेंब काचेवर घ्या, विहिरीत पावडर टाका, नसबंदीला माणसं आणा, आणि लहान पोरांना घटसर्प-डांग्या-धनुर्वाताची तिहेरी लस द्या. ती लस आमच्या पाड्यांवर कधीच लाडकी झाली नाही. तिचा डाग उठत नाही ना! आया म्हणायच्या, "भाऊ, पोराला ताप आला, मांडी सुजली, पण उठलं तर काहीच नाय. तुझी लस वाया गेली." डाग नाही म्हणजे पावती नाही. त्या वर्षांत पाड्यावर गेलं की उघडी पोरं धुळीत खेळताना दिसायची, आणि माझी नजर सवयीने दंडाकडे जायची. पाटी पुसून ठेवावी तसे कोरे दंड. मला अभिमान वाटायचा, आणि धास्तीही.

हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं तेव्हा मी ओहोळात अनवाणी उभा होतो, थर्मासात देवीची नव्हे, तीच बिनडागाची तिहेरी लस. दिवस चैत्राचे. मोहाची फुलं पडायला लागली होती. ज्यांनी तो वास घेतला नाही त्यांना कसा सांगावा? सगळा डोंगर गुळाच्या पाकात बुडवून उन्हात वाळत घातल्यासारखा. कावळेसुद्धा चालताना झोकांड्या खात होते. उन्हाच्या धुरकटीत पलीकडचा डोंगर दिसायचा, नाहीसा व्हायचा.

"आत किती जण आहेत?" मॅडमनी विचारलं.

"पोरं हायेत. सगळी कोऱ्या दंडाची. पुरळ उठलेली त्या कडंच्या घरात ठिवली. बाकीची कोरी पोरं वर खळ्यावर धाडली, त्यांच्या आजांबरोबर. कुणी खाली नाय, कुणी वर नाय. ह्यानंच शिकवलंय." तिने बांबूने माझ्याकडे दाखवलं.

"आजारी पोरांकडे कोण बघतंय?"

"पारू."

पारू तिची सून. तिला मी चांगला ओळखत होतो, कारण तिच्या दंडावरचा डाग माझ्या हातचा. तिच्या माहेरच्या पाड्यावर ती परकरी पोर असताना मी टोचलेली. असा सुरेख उठला होता, की मी त्याला माझा उत्तम डाग मानत असे. ठकूबाई मुलासाठी मुलगी बघायला गेली तेव्हा तिने नाकडोळे नंतर पाहिले. आधी बाही वर केली, आणि तिथेच सुपारी फोडली.

"पण पारूला दिवस गेलेत ना?" मी म्हटलं. "मागच्या वेळी आलो तेव्हाच..."

"भरत आलेत. पन पहिलं पोर पडल्यापासनं, दोन आठवडे झाले, तीच आत हाय. तिच्यायेवढा डाग पाड्यात कुणाचाच नाय. तिला काय होतंय?"

मला पटलं. माझा हात, माझी लस, माझा डाग. मला तर छाती फुगल्यासारखं झालं. मॅडम मात्र पदर खोचून त्या कडेच्या घराकडे निघाल्या. "तुम्ही इथेच बसा," मला म्हणाल्या. "मला आधी बघू दे."

मी मोहाखाली बसलो. फुलं टपटप पडत होती, एक डोक्यावर, एक कानात. पहाटेपासून चाललेलो, त्यात तो वास. मला डुलकी लागली. तेव्हा मला जे दिसलं त्याला स्वप्न म्हणा, नाहीतर मोहाची करणी म्हणा.

ओहोळातून देवी चालत आली. नऊवार नेसलेली, लाल, चेहरा ठकूबाईसारखा खड्ड्याखड्ड्यांचा. दमलेली दिसत होती. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, जुन्या शत्रूकडे बघून हसावं तसं. "आता रिटायर झाले," म्हणाली. "ही माझी धाकटी." तिच्यामागे एक पोर उभी होती. परकरातली, अनोळखी, नाव नसलेली. तिने नुकतंच चालायला शिकल्यासारखी पावलं टाकत माझ्याजवळ येऊन माझा दंड धरला. मी निर्धास्त होतो. म्हटलं, बघ बाई, वाच. एवढी भाकरी लिहिलेली आहे. तिने त्यावरून बोट फिरवलं, लोक बाजारात काकडी चाचपून बघतात तसं. मग मान वर करून थोरलीला म्हणाली, "ताई, मला हे वाचता येत नाही."

मी ओरडत उठलो. समोर मॅडम उभ्या.

"देवी नाही," त्या म्हणाल्या. "कांजिण्या आहेत."

मी उडी मारली. खोटं सांगत नाही, मोहाच्या खालच्या फांदीला डोकं लागलं. कांजिण्या! कांजिण्या म्हणजे पोराटोरांचं दुखणं. थोडी खाज, थोडा ताप, आठवड्याभराने पुन्हा धुळीत. मी ठकूबाईला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मॅडम हसत नाहीयेत.

"पोरं बरी होतील," त्या म्हणाल्या. "पारूला ताप आहे. अंगावर पुरळ आहे, खोकला लागलाय, धाप लागतेय. लहानपणी तिला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत. मोठेपणी होतात तेव्हा वाईट होतात. पोटुशी बाई असेल आणि छातीत उतरल्या तर फार वाईट."

"पण मॅडम, तिचा डाग..."

"तो देवीचा. कांजिण्यांना त्याच्याशी काय देणंघेणं?" मग मला समजावं म्हणून म्हणाल्या, "देवी असती तर या पाड्यात सगळ्यांत सुरक्षित तीच होती. देवी नाही, म्हणून सगळ्यांत धोक्यात तीच आहे. आणि डाग आहे म्हणूनच तिला आत बसवलंय. तिला आत्ता नाशिकला न्यायला हवं. जीपमध्ये. आत्ताच."

माझा उत्तम डाग! तो नसता तर ती वर खळ्यावर पोरांबरोबर बसली असती. मी तिथे उभा होतो आणि फुलं पडत होती.

आता खरी लढाई ठकूबाईशी.

"नाय," ती म्हणाली. बांबू आडवा धरला. "खपली पडंस्तोवर आतलं माणूस भाईर नाय. नवरा आला तरी नाय, साहेब आला तरी नाय. कुणाचे शब्द हायेत?"

"माझे आहेत. पण ते देवीसाठी."

"मंग ह्या कोण हायेत? पुरळ हाय, पाणी भरलंय, ताप हाय. मला शिकवू नको. मी माझ्या घरात बघितल्यात."

"ठकूबाई, पारू मरेल गं!"

"आन तिला खाली नेली, वाटेवरच्या वाड्यांतली कोऱ्या दंडाची पोरं मेली, मंग? त्यांच्या आयांना तू तोंड दाखवशील?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तालुक्यातल्या कुठल्याही साहेबापेक्षा तिने माझा नियम जास्त पाळला होता, आणि ती सुनेचा जीव पणाला लावून पाळत होती.

मॅडम पुढे झाल्या; धुरपीची हकिकत मी त्यांना चढतानाच सांगितली होती. त्यांनी आवाज चढवला नाही.

"ठकूबाई, तुमची मुलगी गेली तेव्हा तिच्या हातावर होत्या का? तळहातावर?"

ठकूबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता बांबू डोक्यात बसतो.

"देवी हातापायावर दाट येते," मॅडम म्हणाल्या. "तोंडावर, तळहातावर, तळपायावर. सगळ्या एका वयाच्या. या येतात पोटापाठीवर जास्त. एक फुटलेली, एक नवी, एक अजून नुसती लाल. तळहात बहुतेक मोकळे राहतात. मी सांगते म्हणून नका मानू. तुम्ही बघा."

ठकूबाई घराकडे वळली. आम्ही मागे. आत अंधार, कडुनिंबाचा कडू वास. पोरं एकमेकांच्या पाठी खाजवत होती आणि त्यावरून भांडत होती. पारू भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पोटावर हात. बाही वर सरकलेली. डाग तिथेच होता, चांदीच्या रुपयासारखा, आणि त्याच्या अगदी शेजारी, मला चिडवायला बसवल्यासारखा, पाण्याने भरलेला एक नवा फोड.

ठकूबाई तिच्यापुढे बसली. तिने पारूचे दोन्ही हात धरले, उलटे केले, बोटं एकेक करून उघडली. दाराच्या उजेडात तळहात धरले. नुसत्या रेषा. बराच वेळ ती बघत राहिली.

"माझ्या धुरपीच्या इथं होत्या," ती म्हणाली. "मुठीत. तिला मूठ मिटता येत नव्हती."

पोरं खाजवायची थांबली.

मग तिने पारूची मूठ मिटली, हलकेच, आणि उठली. "न्या," म्हणाली.

डोली केली. बांबू कुणाचा वापरला ते सांगायला नको. पण रिकाम्या हाताने ठकूबाई थांबणारी नव्हती. ती डोलीच्या बऱ्याच पुढे, एका हातात कडुनिंबाचा डहाळा घेऊन, वाटेवरच्या वाड्यांना ओरडत निघाली. "पोरं आत घ्या! पोटुश्या बाया आत! दारं लावा!" मॅडम म्हणाल्या, "बरोबर करतायत. कांजिण्याही लागतातच. त्यांची राखण उठवू नका, फक्त आत कुणाला बसवायचं ते बदला. ज्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात, तेच आत. डाग बघू नका, विचारा."

शिंदे जीपमध्ये झोपला होता. त्याला उठवला, आणि एरवी बैलगाडीला वाट देत देत चालणारा हा माणूस त्या दिवशी अशी जीप हाणत गेला, की ओझरची विमानं त्याच्यापुढे रांगली असती. वळणावर मारुतीचं नाव घेत होता, दंडाला हात लावून. पारू मागे मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून. खोकला आला की मॅडम तिला बसती करायच्या. बाहेर ऊन उतरलं होतं. अंजनेरीचा डोंगर निळ्या धुरात तरंगत होता, पायथा नसल्यासारखा.

मला गप्प बसवेना.

"मॅडम, देवी गेली म्हणतात. तिची बहीण आली तर? अगदी नवी, कुणी न पाहिलेली?"

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांचं मला हेच आवडायचं.

"सख्खी बहीण असेल तर तुमच्या डागाला थोडंफार ओळखेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही आम्ही निभावून जाऊ, आणि ही नंतर जन्मलेली पोरं उघडी पडतील. अगदीच अनोळखी कुळातली असेल, तर तुमची ती भाकरी आणि त्या पोरांचे कोरे दंड, सगळं एकच."

"मग लस बंद कशाला केली? पोरांच्या दंडावर असू द्यायची होती की."

"ती लसही अगदी फुकट नव्हती, भाऊ. लाखांत एखाद्या पोराला तिचाच त्रास व्हायचा, कधी जीवही जायचा. रोग दारात होता तेव्हा तो धोका घेणं बरोबर होतं. रोगच नाही, तर कुठल्या आईला सांगणार घे म्हणून?"

मला त्या पोरीची आठवण झाली, काकडी चाचपणाऱ्या. मी बाही खाली ओढून घेतली.

नाशिकला पारू पुष्कळ दिवस होती. पहिले काही दिवस डॉक्टरलोक तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायचे, त्यावरून मी काय ते समजायचो. मी पंचवटीत जाऊन ज्या देवीला आयुष्यभर हाकललं तिच्याच नावाने नारळ फोडला. म्हटलं, बाई, जुनं भांडण विसर, धाकट्या बहिणींना आवर. तिने ऐकलं, की दवाखान्यातल्या औषधांनी ऐकलं, हा वाद मी घालत नाही. धाप ओसरली. पुरळ वाळलं. आणि त्यानंतर दिवस भरून पारूला मुलगी झाली, ओरडण्यात थेट आजीवर गेलेली. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणायच्या, हिला खिडकीत ठेवली तर रविवार कारंजापर्यंत ऐकू जाईल.

पावसाळा संपल्यावर मी तिहेरी लस घेऊन पाड्यावर गेलो. ओहोळ ओलांडताना चपला हातात नव्हे, बगलेत दाबून धरल्या. ठकूबाई करवंदीच्या जाळीपाशीच बसली होती, मांडीवर नात. पारू मागे भात झोडपत होती, चांगली ठणठणीत. अंगावर दोन-चार फिके खड्डे राहिलेले, बाकी काही नाही. मला बघून हसली आणि पुन्हा भाताकडे वळली.

ठकूबाईने नातीचं झबलं बाजूला केलं. डाव्या दंडावर एक बारीक डाग.

"हा कशाचा?"

"क्षयाचा. दवाखान्यात जन्मल्यावर टोचतात तो."

"देवीचा नाय?"

"देवी गेली गं. तिची लस आता कुठेच नाही."

"आज तू देणार ती?"

"घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. डाग नाही उठायचा, आधीच सांगतो."

तिने नातीचा दुसरा दंड उघडा केला. कोरा, गुबगुबीत, उन्हात चमकणारा. त्यावरून अंगठा फिरवला.

"आन ती नवी येईल ती? डॉक्टरीण म्हनत होती, पारूनं ऐकलंय गाडीत. कुनी न बघितलेली. तिचा डाग?"

आता मी असा माणूस, की गप्प बसणं माझ्या कुंडलीत नाही. मी थर्मास खाली ठेवला आणि सुरू झालो. म्हटलं, ठकूबाई, तू काही काळजी करू नकोस. सरकार बसलंय. शास्त्रज्ञ बसलेत, रात्रंदिवस काचेच्या नळ्यांतून बघतायत. नवी बाई येऊ दे, तिचं नावगाव, कुळगोत्र शोधून काढतील, तिच्यावर अशी लस काढतील की तिला पळता भुई थोडी. आणि ती लस निघाली रे निघाली, की पहिली बाटली घेऊन मीच येईन. म्हातारा झालो तरी येईन, काठी टेकत येईन, ओहोळाला पूर असला तर पोहत येईन. तुझ्या नातीच्या दंडावर माझ्या हाताने टोचीन. फक्त निघेपर्यंत काय तो वेळ लागेल.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग नातीचं झबलं नीट केलं, तिला दुसऱ्या मांडीवर घेतली, आणि जाळीला टेकवून ठेवलेला बांबू जवळ ओढला.

"तवर मी हितं बसते," ती म्हणाली.